ड्रायव्हरच्या वजनाइतकं

जोरात सुटली की त्या जुन्या दांडग्या गाडीची मागची चाकं थाडथाड उडायची. म्हणून व्हर्लनने चौकोनी लोखंडी नळी कापून, घरीच वेल्डिंग करून दोन दांडे बनवले आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली बसवले. आता शेवटची जुळणी तेवढी राहिली होती, आणि ती ड्रायव्हरचं वजन सीटवर असल्याशिवाय करता येत नाही.

"सरक, मी बसतो," शेजारचा लॉनी म्हणाला.

"हे पोट घेऊन? ट्रेंटच्या वजनाचं माप पाहिजे. गाडी माझ्या पोराची आहे, तुझी नाही."

एरवी पोटावरून बोललेलं लॉनी ऐकून घेत नसे. आज तो गाडीपासून बाजूला झाला.

हिवाळ्यात दारातल्या बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोण्या गॅरेजच्या कोपऱ्यात होत्या. व्हर्लनने त्या एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर रचल्या आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला.

"अजून एक टाक रे," तो खालून म्हणाला. "हाडापेराने मोठा आहे पोरगा."

लॉनीने आणखी एक गोणी ठेवली.

तेवढ्यात व्हर्लनची बायको जोलीन कॉफी घेऊन आली. कप खाली ठेवून ती गोण्यांकडे बघत राहिली. मग तिने वाकून सीटचा पट्टा त्यांच्यावरून ओढला आणि खटकन लावला.



"अपघाताच्या दिवशी पिकअपमध्ये ट्रेंटने एवढंच केलं असतं, तर या गोण्या लागल्या नसत्या," ती म्हणाली.