हजर

पालकसभेत नव्या हेडमास्तरांनी नाव पुकारलं, “शिवानी कांबळेचे पालक?”

कुणीच उठलं नाही.

“स्कॉलरशिपला शाळेत पहिली आलेली पोरगी. आजची चौथी सभा, पण घरचं माणूस एकदाही फिरकलेलं नाही. या लोकांना शिक्षणाचं काही पडलेलंच नसतं.”

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुजातामावशी चहाचा ट्रे घेऊन रांगांतून फिरत होत्या. त्या तशाच पुढं गेल्या, ट्रे हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत बसल्या.

“मावशी, हे काय?”

“शिवानीची आई हाय मी. चारी सभांना हितं उभीच हाय की, सर. आज बसून ऐकतो. च्या तेवढा तुमी वाटा.”