सोमवारचं मौन

कॉलेजच्या प्रोजेक्टच्या गाण्याचा व्हिडिओ जुळवताना निनादने यंत्राला सांगितलं, “न हलणारं, न बोलणारं सगळं काढून टाक.” सोमवारचं मौन धरलेली शर्वाणी त्याच सकाळच्या चित्रीकरणात समईशेजारी नुसतीच उभी होती. यंत्राने तिलाही काढलं. आणि व्हिडिओतून जे वगळलं, ते त्याला जोडलेली सगळ्यांच्या डोळ्यांतली भिंगं आणि कानांतली यंत्रं समोरच्या जगातूनही वगळत.

“शर्वाणी कुठंय रे? कामाच्या वेळी नेमकी पसार,” तिच्या शेजारीच बसलेली अनुजा म्हणाली.

शर्वाणीने निनादचा खांदा हलवला.

“अनुजा, चेष्टा पुरे.” त्याचं बोट ‘पाठवा’वर गेलं. पाठवल्यावर काटछाट कायमची होणार होती.

आईचं दुखणं बरं व्हावं म्हणून धरलेला मौनाचा नेम शर्वाणीने मनोमन क्षमा मागून मोडला. “अरे, मी इथेच आहे.”

निनादने कानातलं यंत्र चाचपलं. “मागे कसली तरी खरखर येतेय. थांब, तीही काढतो.”