सायकलची घंटी

आजीच्या एका हाकेने गल्लीतली सगळी पोरं घरी जेवायला पळायची. घशाच्या कॅन्सरने तो आवाजच गिळला, तेव्हा आजोबांनी आपल्या सायकलची घंटी काढून तिच्या पलंगाच्या दांडीला आवळून बसवली. ती वाजली की आई हातातलं काम टाकून ओरडायची, "आले हं, आई!" कधी पाणी हवं असायचं, कधी नुसतीच सोबत. आजी गेली आणि आठवड्याभरात आजोबांनी घंटी परत सायकलला लावली. "पलंगाला आता कशाला हवी?" एवढंच म्हणाले. मला राग आला. एका संध्याकाळी ते भाजी घेऊन परतले, फाटकाशी घंटी वाजली. "आले हं, आई!" स्वयंपाकघरातून आई बोलून गेली. तिच्या हातातला झारा तसाच थांबला. बाहेर सायकलही जागीच थांबली. थोड्या वेळाने घंटी पुन्हा वाजली, अगदी हळू. गॅस बारीक करून आई मोठ्याने म्हणाली, "आले हं, आई!"