महागातली डबी

"एवढीशी डबी आणि किंमत बघा हिची! सोनं घातलंय का यात?"

दुकानदार हसला. "ताई, साधं वॅक्स त्या फळीवर आहे. चमक दोन्हींनी येते. डाग काढायचा असेल तर मात्र हेच."

डाग काढायचाच होता, आणि तोही नवरा ऑफिसातून यायच्या आत. तिने मुकाट्याने पैसे दिले आणि काळ्या झाकणाची ती चपटी डबी पर्समध्ये टाकली.

नवऱ्याला कळलं असतं तर तासभर प्रवचन ऐकावं लागलं असतं. "महागडं वॅक्स म्हणजे गिऱ्हाइकाला मामा बनवायचा धंदा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र दर रविवारी सकाळी गाडी वॉशिंग सेंटरला न्यायचा तो जेवायच्या वेळेला परत. बरं, एवढं करून चाकांना चिखल तसाच. "मामा तर तुम्हालाच बनवतायत," असं ती चिडवायची. तो पेपरात तोंड खुपसायचा.

आज तिला चिडवायला तोंडच नव्हतं. गाडीच्या डाव्या दारावर हातभर लांब हिरवा पट्टा उठला होता. तो रंग दादाच्या फाटकाचा होता.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. घरातले उरलेसुरले रंग तो एका डब्यात ओतायचा आणि जे काही तयार होईल ते फाटकाला फासायचा. या खेपेला झालेला रंग धड पोपटी नव्हता की धड शेवाळी नव्हता. गल्लीतली पोरं त्याला 'आजारी पोपट' म्हणायची. असला रंग दुसऱ्या कुठल्या फाटकाला असणं शक्यच नव्हतं.

आणि त्या फाटकापाशी जायची तिला बंदी होती.

आई गेली त्या दिवशी नवरा उशिरा पोचला होता. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "गाडी पुसत बसला असाल." नवऱ्याने तिथे सगळं उरकू दिलं. घरी आल्यावर बोलला. "त्या माणसाच्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. तूही नाही."

तिने दोन वर्षं हे पाळलं. मग दादाच्या छातीत दुखायला लागल्याचं कानावर आलं आणि तिचं पाळणं संपलं. नवरा ऑफिसच्या बसने जायचा, गाडी घरीच असायची. दर बुधवारी ती शिवणाच्या क्लासला म्हणून निघायची आणि दादाकडे जायची. वर्षभराच्या क्लासात तिने उशीचा एक अभ्राही शिवला नव्हता. नवऱ्याने कधी विचारलं नाही, तेच तिला जास्त टोचायचं. इतक्या विश्वासाच्या माणसाला आपण फसवतो, या विचाराने बुधवारी ती हटकून त्याच्या आवडीची भाजी करायची.

आज सकाळी गाडी मागे घेताना फाटकाला घासली. आवाज ऐकून दादा छातीवर हात ठेवत बाहेर आला. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती.

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी? या फाटकाला सगळेच घासतात."

"यांना आता काय सांगू मी?"

"काही सांगू नकोस. महागातली डबी आण, काळ्या झाकणाची. साध्याने हा जात नाही."

जन्मात सायकलखेरीज काही चालवलं नाही, आणि सल्ला मोटारीचा! रडता रडता तिला हसू आलं. पण ते टिकलं नाही. सोमवारी दादाचं ऑपरेशन होतं.

"दादा, मी सोमवारी येणार. आज यांना सगळं सांगून टाकते. काय व्हायचं ते होऊ दे."

दादा फाटकाची कडी चाळवू लागला. "आज नको. दाजींचा मान आहे, चिमणे. तो त्यांचा त्यांना राहू दे."

"आणि तू दवाखान्यात एकटा?"

"एकटा कशाला? आहे एक जण बरोबर."

शेजारपाजारचं कोणी असेल, असं तिला वाटलं. सख्खी बहीण असताना भावाला शेजाऱ्याचा हात धरावा लागतोय, हे मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. नवऱ्याशी खोटेपणा, भावाशी अर्धेपणा. दोन्ही घरची चोर.

आता इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती पदर खोचून घासत होती. डबीने खरंच जादू केली. हिरवं फडक्यावर उतरलं, खालचा पांढरा रंग जसाच्या तसा वर आला. पण दार असं लखलखायला लागलं की बाकीची गाडी त्याच्यापुढे कळकट दिसू लागली. एकच दार चमकलेलं नवऱ्याच्या नजरेतून सुटणार नव्हतं. म्हणजे आली का पंचाईत! चोरी लपवायची तर सगळी गाडी घासणं भाग होतं.

बॉनेट झालं, उजवी बाजू झाली. घासता घासता तिने मनाशी पक्कं केलं. दादा काहीही म्हणो, रात्री जेवणं झाली की सांगायचं. रागावू दे, महिनाभर अबोला धरू दे, पण सोमवारी भावाच्या उशाशी आपण असायचं.

मागची बाजू तेवढी राहिली आणि फडकं पार बरबटलं. दुसरं आणायला वर जायचं तर वेळ नव्हता. तिने डिकी उघडली. स्टेपनीच्या खाली नवरा एखादं जुनं फडकं ठेवतो, हे तिला माहीत होतं.

तिने हात घातला. फडकं होतं, पण जड लागलं. आत काहीतरी गुंडाळलेलं होतं.

तिने ते उलगडलं. काळ्या झाकणाची चपटी डबी निघाली, अर्धी संपलेली. आणि फडक्यावर जागोजाग, वाळून कडक झालेला, आजारी पोपट.