चौदाव्या दिवसाचा कप्पा

"आण्याचे आजोबा आले बघ!" टपाल फोडायचं काम ऋषीकडे होतं. त्यानं खुर्ची मागे ढकलली आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'मा. तक्रार निवारण अधिकारी यांस. आपल्या कंपनीचा मोबाइल आमच्या गावी लागत नाही. देशाचा कोपरान् कोपरा जोडला, अशी आपली अर्ध्या पानाची जाहिरात कालच्या पेपरात आहे. आमचं गाव कोपऱ्यात नसल्यामुळे राहून गेलं असावं.'"

सगळे हसले. अमृताही हसली.

"थांबा, पुढं ऐका. 'त्याच पानावर खाली बातमी आहे. तक्रारीला पंधरा दिवसांत उत्तर द्या, असं सरकारनं कंपन्यांना पुन्हा बजावलं. उत्तर द्या म्हटलंय, दुरुस्ती करा असं कुठं म्हटलेलं नाही. हा नियम आपल्याच कचेरीत टाइप झाला असावा.' घे गं, तुझा भाग."

आणे हे गाव जुन्नर तालुक्यातलं, आणि जुन्नर, आंबेगाव हे दोन्ही तालुके अमृताकडे होते. तिनं पत्र घेतलं. लाल शाईतलं ते वळणदार अक्षर तिच्या वडिलांचं आहे, हे पुण्याच्या त्या ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. तिचं सासरचं आडनाव वेगळं होतं. आणि ती याच कंपनीत तक्रारींना उत्तरं देते, हे तिनं आप्पांना कधी सांगितलं नव्हतं. "कॉम्प्युटरवर काम आहे," एवढंच. रोज पेपर वाचून कंपन्यांचा उद्धार करणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार?

उत्तर ठरलेलं होतं. 'आपली तक्रार नोंदवली असून योग्य ती कार्यवाही सुरू आहे.' खाली सगळ्यांनी एकाच नावानं सही करायची, वि. ग. साने. या नावाचा माणूस कंपनीत नव्हता. पत्र छापून निघायचं. खेड्यातले पत्ते तेवढे पाकिटावर हातानं लिहावे लागत.

पंधरा दिवसांची मुदत म्हणजे चौदाव्या दिवशी उत्तर, असा तिथला रिवाज होता. लवकर उत्तर दिलं की माणूस लगेच दुसरं पत्र लिहितो, असं साहेब म्हणत. भिंतीला तारखांचे कप्पे होते. आलेलं पत्र चौदा दिवस पुढच्या कप्प्यात टाकायचं.

आप्पांनी, म्हणजे धर्माजींनी, तीस वर्षं आण्याच्या पठारावर टपाल वाटलं होतं. अमृता होस्टेलवर असताना दर आठवड्याला आंतरदेशीय पत्र टाकायची. आप्पा ते आपल्याच पिशवीतून आपल्याच घरी आणायचे. मग आई गेली, नोकरी लागली, लग्न झालं. पत्रं कधी थांबली ते तिला सांगता आलं नसतं.

मागच्या दिवाळीत तिनं त्यांना मोबाइल नेऊन दिला.

"त्यापरीस पत्र टाकत जा की," आप्पा म्हणाले.

"दोन हजार चार साल आहे, आप्पा. पत्रं कोण लिहितं आता? फोनवर बोलू की."

"स्टँडवरनं फोन केला तर मीटिंगात असतीस."

"यावर रोज बोलू."

त्यांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. "कंपनी म्हनती बोला, सरकार म्हनतंय बोला. ऐकायचं काम कुनाकडं दिलंय?"

त्यानंतर तिनं कधी फोन लावला, तर नंबर संपर्कक्षेत्राच्या बाहेर असायचा. पठारावर टॉवर नाही, हे ऑफिसातल्या नकाशावर दिसतच होतं. महिन्याभरात आप्पांची पहिली तक्रार आली. मग दर महिन्याला एक. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'आपलं उत्तर बरोबर चौदाव्या दिवशी निघतं. पाकिटावरचा शिक्का बघायची जुनी सवय आहे.' त्यावरही ऑफिस हसलं होतं.

टॉवरसाठी वर एक टिपण पाठवावं, असं प्रत्येक वेळी तिच्या मनात यायचं. पण तक्रारी शिल्लक दिसल्या की साहेब चिडत. ती 'निकाली' असा शेरा मारायची.

ऑगस्टमधलं पत्र तीन तारखेला आलं. ऋषी रजेवर होता. हसायला कुणी नव्हतं. तिनं पाकीट न फोडताच सतराच्या कप्प्यात टाकलं.

बारा तारखेला ऑफिसात आप्पांच्या शेजारच्या संपतचा फोन आला. "ताई, आप्पा गेलं. छातीत कळ आली, पानी मागितलं, तेवढंच. निघा लगेच."

निघताना तिनं ते पाकीट कप्प्यातून काढून पर्समध्ये टाकलं. गावाकडे जाताना आळेफाट्यापर्यंत तिला एकच चित्र दिसत होतं. आप्पा फोन हातात धरून तिचा नंबर पुन्हा पुन्हा लावताहेत, आणि फोन लागत नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली. संपतची आई लंकाबाई चहा घेऊन आली.

"मावशी, त्यांनी मला फोन लावला असेल हो. रेंज नव्हती ना."

"कशानं लावत्यात? त्यो तर तसाच पडलाय." लंकाबाईनं फडताळातून खोकं काढलं. "म्या लई येळा म्हनलं, संप्या टाकीवर चढून बोलतो, तुमी बी बोला. तर म्हनायचं, लंके, ह्यो लागला तर माझी पत्रं बंद व्हतील."

खोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद निघालेला नव्हता. त्याला दोऱ्यानं बांधलेली आठ पाकिटं होती. सान्यांची छापील उत्तरं त्यांत नव्हती. नुसती पाकिटं, तिच्या अक्षरातल्या पत्त्याची बाजू वर करून ठेवलेली.

लंकाबाई चहा पी म्हणत होती. अमृतानं पर्समधून पत्र काढून फोडलं. पाकिटावर नेहमीसारखंच 'मा. तक्रार निवारण अधिकारी' होतं. आत तीन ओळी होत्या.

'चि. अमृता हिस आशीर्वाद. दोन दिवस छातीत कळ येते आहे, तू आलीस की नारायणगावला डॉक्टरकडे जाऊ. या खेपेला चौदा दिवस थांबू नकोस.'