खडक नकाशात नव्हता

"खडक नकाशात नव्हता," कॅप्टन हार्ग्रीव्ह आरमाराच्या न्यायासनापुढे म्हणाला.

"पण पाण्यात होता ना, साहेब!" धाकू तांडेल म्हणाला. मालवणच्या समुद्रात राणीच्या जहाजाला वाट दाखवायला त्यालाच घेतलं होतं. "ओहोटी आहे, डावीकडे वळू नका, असं मी तीनदा ओरडलो."

दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं, तांडेल घाबरून तीनदा ओरडला.

*कॅप्टन हार्ग्रीव्हची सेवानोंद, १८५१: चीनच्या किनाऱ्यावर जहाज खडकावर. दोष नाही. बढती.*

निकालाची रीत ठरलेली. अधिकाऱ्याची तलवार टेबलावर ठेवतात. टोक त्याच्याकडे असलं तर दोषी, मूठ असली तर निर्दोष. मूठ हार्ग्रीव्हकडे होती. टेबलापलीकडे तांडेल उभा होता, त्यामुळे टोक त्याच्याकडे आलं. वाटाड्या म्हणून बावीस वर्षं जपलेला परवाना तिथेच रद्द झाला. कॅप्टनने हातमोजे चढवले आणि तलवार कमरेला लावली.

*सेवानोंद, १८६३: मालवणजवळ जहाज खडकावर. दोष नाही. बढती.*

महिन्याभराने तोच हार्ग्रीव्ह दुभाष्याला घेऊन धाकूच्या दारात आला. "नवं जहाज मिळालंय, आधीच्याहून मोठं. माझ्याबरोबर चल. कागदावर तुझं नाव येणार नाही, पण पगार दुप्पट देईन. इथले खडक तुलाच ठाऊक आहेत."

धाकू फाटलेलं जाळं सांधत होता. त्याने मानही वर केली नाही.

"साहेबाला सांग, हा एक त्याने स्वतःच शोधला. बाकीचेही तसेच शोध म्हणावं."