मिक्सरच्या आडोशाला

"अगं, किती फिरवतेस? कुटाला तेल सुटलं असेल!" सासूबाई हॉलमधून ओरडल्या.

सुटू दे. मिक्सर चालू असेपर्यंतच मला गाता यायचं. क्लासच्या बाईंनी वरचा सा पक्का करायला सांगितला होता. जबडा सैल, दम पोटातून, आकार मोकळा. घरी तो पहिल्यांदा लावला, तेव्हा सासरे म्हणाले, "इथे किंचाळायचं नाही. शेजारीपाजारी राहतात." तेव्हापासून मी रोज काहीतरी वाटायची. चटण्या, कूट, मसाले. आल्यागेल्याला वाटायचं, सून काय कामसू आहे!

बाहेर मॅच रंगली होती. विकेट पडली आणि नवरा सोफ्यावर उभा राहून असा बोंबलला, की शेजारचं तान्हं बाळ रडायला लागलं. सासरे कौतुकानं हसले.

माझ्या डोक्यात सणक गेली. आवळलेला जबडा मी सोडला, पोटभर श्वास घेतला आणि वरचा सा लावला.

तेवढ्यात लाइट गेली. मिक्सर थांबला, टीव्ही थांबला. घरभर माझा सा तेवढा उरला.

तिघंही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "काय चाललंय हे?" सासऱ्यांनी विचारलं. दम संपेपर्यंत मी सा सोडला नाही.

मग लाइट आली. मिक्सर आपोआप घरघरू लागला. तिघांच्याही चेहऱ्यावर सुटका दिसली.

त्यांच्याकडे बघत मी त्याचं बटण बंद केलं आणि पुन्हा तोच सा लावला.